शिवलेलं शेवटचं प्रकरण

१

बुधवारी पाचला पाच कमी असताना मनकर्णाबाई श्रीधर मास्तरांच्या ओट्यावर चढली आणि तिचा पाय तिथंच थबकला. उंबऱ्याखालून एक बारीक ओळ बाहेर आली होती. वैशाखाच्या उन्हानं ती कडेनं काळी पडली होती, आणि तिच्यावर मुंग्यांची दुसरी ओळ लागली होती.

"काहीतरी सांडलंय वाटतं," मागून येणाऱ्या प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"सांडलंय खरं, बाई. पर ह्ये रगत हाय."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत वेताच्या खुर्चीत मास्तर बसलेले होते, रोज बसत तसेच, पाय जरा लांब करून. फक्त डोकं मास्तरांचं राहिलं नव्हतं. डाव्या कानाच्या वर कवटी खचून आत गेली होती, एक डोळा उघडा होता, आणि पांढऱ्या सदऱ्याचा रंग सांगता येत नव्हता. चहाचं आलं कुटायचा लोखंडी बत्ता पायाशी पडला होता. त्याला केस चिकटले होते.

प्रमोदिनीबाई भिंतीला धरून खाली बसल्या. मनकर्णाबाई मात्र पुढं गेली. तिनं पदरानं तो उघडा डोळा मिटला. मग तिची नजर शेजारच्या मेजावर गेली. तिथं पुस्तक होतं, चालू महिन्याचं. त्याचं शेवटचं प्रकरण तिनंच दाभणानं लाल दोऱ्यात शिवून बंद केलं होतं.

टाके कापलेले होते.

दहा मिनिटांनी मास्तरांचा जावई अभय मोटारसायकलवरून आला, सासऱ्याच्या पायांवर पडून मोठ्यानं रडला. रडणं ऐकून गल्ली जमली. शेजारच्या आशाबाईनं सगळ्यांदेखत सांगितलं, "चार वाजता तो दार बडवत होता ना! मास्तर, भाईर या, न्हाय आज टाळकं फोडलं तर बघा, असं वरडत होता. म्या कानानं ऐकलं."

"कोण?"

आशाबाईनं मनकर्णाबाईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "कारभारी."

मनकर्णाबाईचा लेक. तो चौकात टेम्पो लावून चहा पीत होता. पोलीस यायच्या आधी गल्ली त्याच्यापर्यंत पोचली. बेल्ट निघाले, विटा निघाल्या. माय धावत गेली तेव्हा त्याचे दोन दात रस्त्यावर होते, आणि तो रक्ताच्या गुळण्या टाकत एकच म्हणत होता, "माय, दार आतून बंद होतं गं. आतून बंद होतं."

२

फौजदार तनुजा शेजूळ यांनी खोलीला सील लावलं, कारभारीला ताब्यात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जबाब सुरू केले. पहिल्या प्रमोदिनीबाई. निवृत्त शिक्षिका, विषय भूगोल.

"वाचनकट्टा म्हणजे काय करायचात तुम्ही?"

"फिरायचो. अडीच वर्षांत बारा मुलखांत जाऊन आलो, पडेगाव न सोडता. निजामाच्या काळातलं हैदराबाद, अरबांच्या वाळवंटातली सराई, जपानच्या बेटावरचं मिठागर. काळ कुठलाही, गाव कुठलंही, पण गोष्ट खुनाची. श्रीधर सर मोठ्यानं वाचायचे, आम्ही ऐकायचो. मी, मनकर्णाबाई, सरांचे धाकटे भाऊ श्रीरंग आणि जावई अभय."

"आणि ते शिवलेलं प्रकरण?"

"कुणी चोरून शेवट वाचू नये म्हणून. सगळ्यांनी आपापला खुनी ठरवला की मगच टाके उसवायचे. मनकर्णाबाईंना लिहिता येत नाही, म्हणून आम्ही चिठ्ठी लिहीत नसू. दाणे टाकायचो."

"दाणे?"

"गोष्टीतल्या प्रत्येक संशयिताचं एक धान्य. या पुस्तकात बर्फातल्या एका डोंगरगावी घड्याळजीचा खून झालाय, दीडशे वर्षांपूर्वी. आचारीण म्हणजे ज्वारी, पुतण्या म्हणजे हरभरा, डॉक्टर तूर, बायको मूग, आणि देवळातला घंटा वाजवणारा म्हातारा मसूर. मनकर्णाबाई ताट आणतात. त्यावर गोधडीचा तुकडा झाकायचा, खाली हात घालून चाचपून एक दाणा घ्यायचा, पुडी बांधायची, पुडीवर आपली खूण करायची आणि बिस्किटाच्या डब्यात टाकायची. मंगळवारी संध्याकाळी आम्ही चौघांनी टाकल्या. बुधवारी शेवट वाचायचा होता. ज्याचं चुकेल तो सगळ्यांच्या कपबश्या विसळणार."

"बहुतेक कोण विसळायचं?"

"श्रीरंगराव. आणि मी. अभयराव कधी चुकले नाहीत. म्हणजे एकदाच. गेल्या महिन्यात, सराईच्या गोष्टीत. मनकर्णाबाईंचं बरोबर आलं आणि त्यांचं चुकलं. हसत हसत विसळल्या हो त्यांनी. सोन्यासारखा जावई. सरांच्या स्वरदाचं नशीब. ती बिचारी दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं, तर हा वडील आजारी असल्यासारखा रजा काढून घरी बसला."

श्रीरंगराव मागच्या खोलीत राहत. भावाचं घर पाडून इमारत बांधावी, असा त्यांचा दोन वर्षांचा हट्ट होता. 

"मी झोपलो होतो. कुलर चालू होता. तो बंद केला तर झोप येत नाही, आणि चालू ठेवला तर भाऊ मेलेला कळत नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्यानं दचकले.

अभय नीटनेटका होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा. बुधवारी कंपनीच्या कामानं पाचपर्यंत बाहेर होतो, असं त्यानं सांगितलं. शेजारी स्वरदा बसली होती, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून.

"तुम्हाला काही सांगायचंय?" तनुजानं तिला विचारलं.

स्वरदानं नवऱ्याकडं पाहिलं. "नाही."

तेवढ्यात बाहेर हवालदाराचा आवाज चढला. कुणी म्हातारी आत शिरू पाहत होती. हातात पितळी ताट होतं, वर गोधडीचा तुकडा झाकलेला.

३

"माझ्या लेकाला सोडा, असं म्हनायला म्या आले नाय," मनकर्णाबाई म्हणाली. "सोडायचं का ठिवायचं ते तुमचं. मला मास्तरांची खोली दावा. एकवार."

"मावशी, तुमचा लेक मास्तरांवर का चिडला होता?"

"माझ्यावर चिडला व्हता. लासूर टेशनला नातीचा साखरपुडा. त्यो म्हनं मंगळवारीच चल. म्या म्हनलं, बुधवारी पुस्तक संपतंय, खुनी कळू दे, मग येते." तिनं डोळे पुसले. "साखरपुडा माझ्यामुळं अडला. म्हून त्यो मास्तरांच्या दारात गेला. तोंडाचा लई वंगाळ हाय. हाताचा नाय."

तनुजा तिला घेऊन गेली. कुलूप उघडलं तसा वास अंगावर आला. मनकर्णाबाई ओठातल्या ओठात काही गुणगुणत आत शिरली. गोधडी शिवताना ती असंच गुणगुणायची.

सुई पुढं पुढं, दोरा मागं मागं
शिवल्या पानाचं मन कुनाला गं सांगं

पुस्तकाला हात न लावता ती वाकून वाकून बघू लागली. "फौजदारबाई, कातर कुठं हाय?"

"तिथं, खिळ्याला."

"तिची जागा तीच. आता ह्ये टाके बघा. म्या बारा घातले व्हते. बाराच्या बारा मधोमध कापलेत, कागदाला कुठं वरखडा नाय. रागानं टाळकं फोडनारा मानूस येक येक टाका मोजून कापतो का? आन् कातर परत खिळ्याला लावतो?"

तनुजा थांबली. हातमोजे घालून तिनं पुस्तक उघडलं. शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग होता, मसुराएवढा. पुढच्या पानावरही. त्याच्या पुढच्यावरही. जरा जरा फिका होत गेलेला, अगदी शेवटच्या पानापर्यंत.

"त्यानं वाचलं," तनुजा हळूच म्हणाली. "प्रेताशेजारी बसून संपूर्ण प्रकरण वाचलं."

"कारभारीला एसटीची पाटी वाचायची तर धा मिंटं लागत्यात."

"पण का वाचावं? मारलं तर पळून जायचं."

"पळायला दार कुठं व्हतं? दारात माझा लेक बसला व्हता, चार ते साडेचार, शिव्या देत. मागल्या दारी श्रीरंगरावांची खाट. म्हून ह्यो आतच राह्यला, कडी लावून. पुढ्यात मेलेला मानूस, आन् हाताशी पुस्तक, ज्याचा शेवट ठावं नाय." म्हातारीनं मेजावरच्या बिस्किटाच्या डब्याकडं बोट केलं. "मला वाटतं ह्यो आमच्यातलाच हाय. दुसरा कुनी वाचनार नाय. आमच्यातल्याला मातूर ऱ्हावलं नसंल."

"चौघांतला कोण?"

मनकर्णाबाईनं ताटावरचा तुकडा बाजूला केला, दाणे बोटानं चाळवले आणि पुन्हा झाकला. "सगळ्यांना बोलवा. सोरदाताईला बी. पुस्तक पुरं करू."

४

शनिवारी पाच वाजता खुर्च्या ओट्यावर मांडल्या. मास्तरांची वेताची खुर्ची नव्हती, ती जप्त होती. एका खांबाशी हवालदार, दुसऱ्याशी कारभारी, हातात बेडी, ओठ सुजून भाकरीएवढे झालेले. स्वरदा मनकर्णाबाईच्या गोधडीवर बसली. गोधडी अर्धी शिवलेली होती, दाभण तिच्यातच टोचलेलं.

प्रमोदिनीबाईंनी शेवटचं प्रकरण वाचलं. त्यांचा आवाज दोनदा फुटला. घड्याळजीला घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं मारलं होतं, घंटेच्याच दोरानं गळा आवळून. दोर इतका घट्ट होता, की घड्याळजीची जीभ काळी पडली, आणि म्हातारा तसाच वर जाऊन बाराचे ठोके देऊन आला.

"अरे देवा," श्रीरंगराव म्हणाले. "तो? मी आचारीण म्हटलं होतं."

"चला, पुड्या उघडू," तनुजा म्हणाली. "डबा बुधवारपासून सीलबंद खोलीत होता."

श्रीरंगरावांच्या पुडीत ज्वारी. प्रमोदिनीबाईंच्या पुडीत हरभरा. हळदीचा ठिपका असलेल्या पुडीत मसूर, ती मनकर्णाबाईची. शेवटची पुडी, तिच्यावर शाईनं काढलेला 'अ'. 

तिच्यातही मसूर.

"वा!" श्रीरंगराव सवयीनं म्हणाले. "जावईबापू पुन्हा बरोबर."

अभयच्या चेहऱ्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, समाधान उमटलं. मग त्यानं ते आवरलं आणि मान खाली घातली. "सर असायला हवे होते," तो म्हणाला.

मनकर्णाबाईनं ते क्षणभराचं हसू पाहिलं होतं. तिनं ताट पुढं ओढलं.

"फौजदारबाई, म्या दर येळी चार चार दाने आनते. पाची धान्यांचे चार चार. मंगळवारी घरी गेल्यावर उरलेले मोजले. कुनी काय घेतलं त्ये कळत नाय, पर काय गेलं त्ये कळतं. तुमी मोजा."

तनुजानं मोजले. तूर चार. मूग चार. ज्वारी तीन. हरभरे दोन.

"दोन हरभरे गेलेत," तनुजा म्हणाली. "डब्यात एकच आहे."

"मसूर मोजा."

"तीन."

"म्हंजी मसूर येकच गेला. त्यो माझा." म्हातारीनं अभयकडं पाहिलं. "जावईबापू, मंगळवारी तुमी हरभरा घेतला व्हता. बुधवारी त्याचा मसूर कसा झाला?"

 ओट्याच्या छताला पंखा फिरत होता, त्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

५

अभय हसला. "म्हाताऱ्या बाईच्या मोजणीवर माणसाला फाशी देणार का मॅडम? तिच्या लेकाला सोडवायला ती दहा दाणे इकडचे तिकडं करेल."

"करंल की," मनकर्णाबाई म्हणाली. "म्हून तर म्या फौजदारबाईला म्हनलं, मास्तरांच्या सैपाकघरात मसुराचा डबा बघा. हरभऱ्याचा मसूर करायचा तर मसूर कुठून तरी आनावा लागंल ना?"

तनुजानं पिशवीतून एक पितळी डबा काढला. "आम्ही कपाटं पाहिली, कुलपं पाहिली, गाद्या उसवल्या. मसुराच्या डब्यात कोण बघतं? बाहेरून तुम्ही पुसलाय, अभयराव. झाकण आतून पुसायचं राहिलं. अंगठा आहे, रक्तातला. तुम्ही परवा जबाबावर सही करताना पाणी प्यायलात, तो पेला मी ठेवून घेतला होता. जुळला. त्या दिवशी कंपनीनं तुम्हाला कुठंही पाठवलेलं नव्हतं, हेही विचारून आले."

"कशासाठी मारेन मी त्यांना? बापासारखे होते."

"त्ये म्या सांगू का सोरदाताई सांगंल?" मनकर्णाबाईचा आवाज एकदम मऊ झाला, नातीला झोपवताना व्हावा तसा. "बाई, सराईच्या गोष्टीत ह्यो माझ्याकडनं हरला. कपबश्या विसळल्या, लई हसला. दुसऱ्या दिशी तुझं मनगट मोडलं. म्या तवाच दोन्ही गोष्टी येका दोऱ्यात ववल्या व्हत्या. बोलले नाय. माझं चुकलं. मला वाटलं, मोठ्या घरचं हाय, आपुन कुठं बोलावं."

 स्वरदा पुटपुटली, "बुधवारी दुपारी मी बाबांना फोन केला. म्हटलं, मला घेऊन जा. यानं ऐकलं."

"स्वरदा, गप्प बस."

"बाबा म्हणाले असतील, संध्याकाळी सगळ्यांसमोर—"

तिचं वाक्य पुरं झालं नाही. अभयनं पुड्यांचे दोरे कापायला ताटाशेजारी ठेवलेली कातर उचलली, तिचे केस मुठीत धरून मान मागं ओढली आणि टोक गळ्यावर रोवलं. रक्ताचा एक थेंब पोलक्याच्या गळ्यात शिरला.

"मागं सरा! सगळे!" तो ओरडला. आवाज त्याचा राहिला नव्हता. "म्हातारा म्हणतो कसा, आज गोष्ट संपल्यावर तुझी गोष्ट सांगतो. सगळ्यांसमोर! मला! तीन घाव पुरले त्याला, तीनच. आणि बाहेर हा भिकारडा टेम्पोवाला दार बडवतोय. अर्धा तास! करणार काय मी? वाचलं. आणि हरभरा चुकीचा होता. त्या म्हाताऱ्या घंटेवाल्यासाठी मी या अडाणी बाईच्या उष्ट्या कपबश्या पुन्हा विसळायच्या?"

स्वरदाचा हात गोधडीवर चाचपत होता. ताटात दाणा शोधावा तसा. बोटांना दाभण लागलं.

तिनं ते उपसलं आणि सगळ्या अंगाचं बळ लावून त्याच्या मनगटात घातलं. आरपार. अभय किंचाळला, कातर खणखणत पडली. त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर ठोसा मारला, पण तोवर कारभारी बेडीसकट त्याच्यावर कोसळला होता. दोघं ओट्यावरून खाली फरशीवर आदळले, आणि अभयच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज पंख्याच्या कुरकुरीतही ऐकू आला. कारभारीनं बेडी घातलेले दोन्ही हात उचलले. खाली अभयचं डोकं होतं.

"कारभारी!" माय ओरडली. "हाताचा नाय म्हनून सांगितलंय म्या!"

ते हात तसेच वर राहिले. मग हळूहळू खाली आले.

६

पुढच्या शुक्रवारी लासूर स्टेशनला साखरपुडा ठरला. कारभारीनं टेम्पो धुतला, पुढं झेंडूची माळ लावली. कवळी बसायला अजून महिना होता, त्यामुळं तो हसताना तोंडावर हात धरायचा.

"सोरदाताई बी येनार," मनकर्णाबाईनं जाहीर केलं. "ती येकटी घरात बसून काय करंल?"

स्वरदा पुढं बसली, म्हातारीच्या पलीकडं. अर्ध्या बाह्यांचं पोलकं घातलं होतं. दंडावरचे जुने वळ हिरवे-पिवळे झाले होते, आणि वाऱ्यानं पदर उडाला तरी तिनं ते झाकले नाहीत. मांडीवर वडिलांच्या कपाटातलं एक पुस्तक होतं.

"मावशी, शेवटचं प्रकरण शिवायचं राहिलंय."

"कशानं शिवू? दाभण पोलिसांत जमा हाय."

"मग?"

"उघडंच ऱ्हाऊ दे. वाच तू."

स्वरदानं घसा साफ केला. आवाज थेट मास्तरांचा होता, फक्त बारीक. मनकर्णाबाईनं डोळे मिटून घेतले आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

"हे कुठलं गाव म्हनायचं?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

"आपलंच. शंभर वर्षांपूर्वीचं. निजामाच्या कचेरीतला एक कारकून सकाळी हौदात सापडलाय, हात मागं बांधलेले, आणि तोंडात कुणीतरी ओली माती कोंबलीये."

"बाई गं," म्हातारी समाधानानं म्हणाली.

"असल्या गोष्टी काय ऐकतीस माय," कारभारी पुटपुटला. "शुभकार्याला चाललो आपुन."

स्वरदा वाचत राहिली. हौदाच्या कडेला एक जोडा होता, एकाच पायाचा. पहारेकरी खोटं बोलत होता. टेम्पोचा वेग कमी कमी होत गेला, मागचे ट्रक हॉर्न देत पुढं निघून गेले. कारकुनाच्या बायकोनं दार उघडलं, प्रेत पाहिलं, आणि ती रडली नाही.

"तिनंच मारला," कारभारी म्हणाला.

"तू गप रे. आत्ता कुठं दुसरं प्रकरण चालू हाय. ताई, वाच."

"न्हाय माय, म्या सांगतो ना, तिनंच. नाय तर तो पहारेकरी. दान्यांचं काय ते करायचं आसंल तर मला बी येक द्या." मग त्यानं आरशात पाहिलं, मान वळवून मागं पाहिलं, आणि तोंडावर हात धरला.

"माय," तो म्हणाला, "लासूरचा फाटा कवाच मागं गेला की गं."